मैदान नव्हतं, पण फक्की होती
मैदान नाही म्हणून लहान कॉलेजांत खेळाचं वातावरण नसतं, हे कॉलेजातल्या खेळांवरच्या एका लेखातलं विधान काही पटलं नाही. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात ४०० मीटरचा ट्रॅक कुठला! शिपाईमामा सकाळी फक्कीने लेन आखायचे, दुपारपर्यंत गुरं पुसून टाकायची. निम्मी पोरं अनवाणी. पण झोनलची खो-खो फायनल आली की लायब्ररी ओस, आणि मेसच्या मावशीसुद्धा पोळ्या टाकून कुंपणाशी!

अडतं ते वर बसलेल्यांपाशी. १९५२ मध्ये पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिम्पिकला धाडायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर सरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. आमच्या टीमला मात्र एसटीच्या तिकिटांचे पैसे मिळाले वार्षिक परीक्षा संपल्यावर, तेही तीन अर्ज केल्यावर.