सोडमुंज

"साहेब, एवढा डबा तेवढा काढा, म्हणजे ही भिंत घेतो," पेंटर म्हणाला तेव्हा सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी म्हणालो, "दोन मिनिटं."

डबा म्हणजे हॉलमधल्या फळीवर बसलेली, बुटांच्या खोक्याएवढी काळी पेटी. आत चार-चार टेराबाइटच्या चार हार्ड डिस्का. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडने (RAID) त्या चौघींची मोट बांधून बाहेरच्या जगाला एकच मोठी डिस्क दाखवायची, बारा टेराबाइटची. चार चोक सोळा, मग चार कुठे गेले, असं बायकोने डबा आणला त्याच दिवशी विचारलं होतं. ते चार बेरजेचे. तीन डिस्कांवर आकडे आणि चौथीवर त्यांची बेरीज. एखादी डिस्क दगावली तर बेरजेतून राहिलेल्या दोघींचे आकडे वजा करायचे, गेलेलीचा आकडा हजर. खरं म्हणजे बेरीज नाही, एक्सॉर, म्हणजे शून्य-एकच्या आकड्यांची हातचा न घेता केलेली बेरीज. आणि ती एकीकडेच नसते, आळीपाळीने चौघींकडे फिरते, भिशीसारखी. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ही कल्पना मांडली तेव्हा रेडमधला 'आय' इनएक्स्पेन्सिव्हचा होता, म्हणजे स्वस्तातल्या डिस्का. पुढे त्याचा इंडिपेंडंट झाला. चार डिस्कांचं बिल माझ्या कपाटात आहे. नाव बदललं ते बरंच झालं.

तर या डब्याला वीज त्या भिंतीतल्या प्लगमधून येते, आणि रंग त्याच भिंतीला द्यायचा होता. सरळ वायर का ओढायची नाही? पेंटरनेही तेच विचारलं. कारण चौघींपैकी दोघींवर आकडे लिहून झालेत आणि बेरीज लिहायची राहिलीय, अशा क्षणी वीज गेली तर हिशेब जुळत नाही, आणि पुढे एखादी डिस्क गेली की त्या चुकलेल्या बेरजेतून भलतंच काहीतरी वजा होऊन येतं. पेंटर म्हणाला, "मग मशीनच बंद करा ना." ते तर मुळीच शक्य नव्हतं. ज्या कॉम्प्युटरला हा डबा जोडलाय, त्याच्यातूनच घरातलं सगळं इंटरनेट जातं. ही व्यवस्था मीच केली, मोठ्या कौतुकाने, आणि तेव्हा घरातल्या कुणीही ती मागितली नव्हती. आतल्या खोलीत बायकोची मीटिंग सुरू होती, ती साडेबारापर्यंत. दुसऱ्या खोलीत मुलीची ऑनलाइन परीक्षा. कॉम्प्युटर बंद केला असता तर रंग मलाच लागला असता.

म्हणून रीतसर मार्ग. आधी फाइल सिस्टिम, म्हणजे डब्यातल्या फायलींची सगळी मांडणी, उतरवायची, मग रेड थांबवायचं, मग डब्याचं बटण. तीन ओळींचं काम. ती जोडणं म्हणजे माउंट, आणि उतरवण्याच्या कमांडचं नाव 'यूमाउंट'. अनमाउंटमधला 'न' युनिक्सवाल्यांनी फार पूर्वी वाचवला, तो आजतागायत कुणी परत दिलेला नाही. मी कमांड दिली. उत्तर आलं, टार्गेट इज बिझी.

सरकारी कचेरीत 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे ज्या सुरात ऐकू येतं, तोच सूर. कोणती मीटिंग, कुणाबरोबर, कधी संपेल, काही नाही. पण लिनक्समध्ये निदान चौकशीची खिडकी असते. एक एलएसओएफ, एक फ्यूजर. कोणती प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, कुठली फाइल धरून बसलीय ते या दोघांना विचारायचं. फ्यूजरने लगेच एक नाव सांगितलं. बॅश. म्हणजे शेल, मी कमांड लिहितो ती खिडकी. म्हणजे मी. कमांड देण्याआधी मी डब्यातल्याच फोल्डरमध्ये शिरलो होतो आणि तिथे उभा राहून तोच उतरवा म्हणत होतो. सतरंजीवर बसून सतरंजी ओढण्याचा प्रकार. मुकाट्याने बाहेर आलो. वीस वर्षं हेच काम करून पोट भरणाऱ्या माणसाकडून हे घडलं, म्हणून आधी मागे वळून कुणी पाहिलं नाही ना याची खात्री केली. पेंटर पॉलिश पेपरने खिडकीची चौकट घासत होता.

पुन्हा कमांड. पुन्हा बिझी. या वेळी मीडिया सर्व्हर. हा टीव्हीला सिनेमे पुरवतो. मी त्याला किल दिला, म्हणजे बंद हो म्हणून सांगितलं. गेला नाही. किल उणे नऊ दिला, म्हणजे सुनावणी नाही, अपील नाही. गेला. फ्यूजरला विचारलं तर तो पुन्हा हजर, नव्या नंबराने. पुन्हा मारला, पुन्हा आला. नुकतंच नवरात्र झालेलं असल्यामुळे मला रक्तबीज आठवला. देवीला त्याचा बंदोबस्त करायला जिभेवर रक्त झेलावं लागलं. मला फक्त आठवायचं होतं की हा पडला तर पुन्हा उभा कर अशी सूचना सिस्टिमडीला, म्हणजे लिनक्समधले प्रोग्रॅम सुरू-बंद करणाऱ्या कारभाऱ्याला, मीच लिहून ठेवलीय. आता त्यालाच रीतसर सांगितलं, सर्व्हर थांबव. त्याने थांबवला.

"अरे, बुवा मध्येच थांबले!"

हॉलच्या दुसऱ्या टोकाला, प्लास्टिकने झाकलेल्या सोफ्याच्या उघड्या कोपऱ्यावर बसून आई कीर्तन बघत होती. टीव्हीवर बुवांचा उजवा हात वर, तोंड उघडं आणि मधोमध एक गोल फिरतोय.

"आई, दोन मिनिटं."

"पूर्वरंग संपून आख्यान लागलं होतं रे. द्रौपदीने हाक मारली आणि गेलं."

"कृष्ण येईल गं, दोन मिनिटांत." आई माझ्याकडे बघत राहिली. द्रौपदीला एवढं थांबावं लागलं नव्हतं, हे ती बोलली नाही, पण मला ऐकू आलं.

पुन्हा फ्यूजरला विचारलं. कुणी नाही. एलएसओएफला विचारलं. कुणी नाही. हॉल रिकामा, खुर्च्या रिकाम्या, आणि दारावर पाटी, बिझी. पावणेअकरा वाजले होते.

इथे माझ्या हातून ती चूक झाली. यूमाउंटला एक उणे एल म्हणून पर्याय आहे. आळशी यूमाउंट. खरंच नाव तेच आहे, लेझी. त्याने काय होतं, तर फाइल सिस्टिम यादीतून ताबडतोब नाहीशी होते, आणि खरी सुटते ती शेवटचा वापरणारा उठेल तेव्हा. रेशनकार्डावरून नाव कमी केलं पण माणूस स्वयंपाकघरात जेवतोच आहे, अशी अवस्था. मी कमांड दिली. एक शब्द न बोलता मान्य झाली. माउंटच्या यादीतून डब्याचं नाव गेलं. मला इतका आनंद झाला की पेंटरला म्हणालो, "झालंच." त्याने पुट्टीचा डबा उघडला.

मग रेड थांबवायला घेतलं. त्यासाठी एमडीएडीएम नावाचं हत्यार आहे, नील ब्राउन यांनी २००१ मध्ये लिहायला घेतलेलं. त्याचं बोलणं तुसडं असलं तरी ते अत्यंत सज्जन आहे. माझ्या दोन डिस्का त्याने परत मिळवून दिल्या आहेत. त्याला म्हटलं, एमडी शून्य, म्हणजे आमचं रेड, थांबव. ते म्हणालं, असं कुणी नाही. बरोबर. मी नाव शून्य ठेवलं होतं, पण एकदा मशीन पुन्हा सुरू झाल्यावर हा बाबा परस्पर एकशेसत्तावीस झाला होता. कॉन्फिग फाइलमध्ये नोंद करायची राहिली की असं होतं. रविवारी करू म्हणून मी ठेवली होती. ठीक आहे, एकशेसत्तावीस थांबव. उत्तर आलं, एकट्याचा ताबा मिळत नाही. कदाचित चालू प्रोसेस, माउंट केलेली फाइल सिस्टिम किंवा व्हॉल्यूम ग्रुप? आणि शेवटी प्रश्नचिन्ह.

माझा राग या 'कदाचित'वर आहे. सेकंदाला अब्जावधी आकडेमोडी करणाऱ्या यंत्राने कदाचित म्हणायचं? आणि प्रश्न मला विचारायचा? घर तुझं, भाडेकरू तुझे, दाराला आतून कडी कुणी घातलीय ते तू मला विचारतोस? बरं, आता शोधायची सोयही राहिली नव्हती. उणे एलने मी पाटीच उखडून टाकली होती, त्यामुळे फ्यूजरला पत्ताच सांगता येईना. फाइल सिस्टिम आहे पण नाही, जोडलेली नाही पण सुटलेली नाही. पितृपक्ष होऊन गेला होता, नाहीतर पान वाढून बघितलं असतं.

एमडीस्टॅट, म्हणजे रेडच्या तब्येतीचा तक्ता, उघडून पाहिलं. यू यू यू यू. चारही डिस्का ठणठणीत. एखादी मेली तर त्या जागी आडवी रेघ येते. गेली कित्येक वर्षं हे चार यू दिसले की मी समाधानाने झोपतो. आज पहिल्यांदाच त्यांचा राग आला.

साडेअकरा. व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे डिस्का एकत्र करायची आणखी एक पद्धत, नव्हताच. नेटवर्कवरून फायली वाटणाऱ्या एनएफएसने कुणाला वाटा दिलाय का पाहिलं, नव्हता. मेमरी कमी पडली की वापरायची स्वॅप फाइल तिथे ठेवलीय का पाहिलं, नव्हती. मधल्या काळात मुलगी परीक्षा आटोपून बाहेर आली, माझ्या खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "बाबा, बंद करून चालू कर ना." ही सूचना आमच्या धंद्यात अपमान समजली जाते, विशेषतः बरोबर असली की. मी म्हणालो, "आईची मीटिंग आहे." ते खरंही होतं. पण साडेबाराला मीटिंग संपली असती तरी मी केलं नसतं. दीड तास खर्ची पडला होता. आता प्रश्न भिंतीचा राहिला नव्हता.

"हे काय आहे?" तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. चिकट बोट. लाडू खात होती.

डिस्कांची सगळी यादी काढणारी एलएसबीएलके ही कमांड मी तासाभरात तीनदा दिली होती, आणि तिन्ही वेळा वरचा अर्धा भाग न वाचता खाली सरकलो होतो. उबुंटू या लिनक्सवर तिथे लूप शून्य, लूप एक, लूप दोन अशी भलीमोठी रांग असते. लूप म्हणजे एखादी फाइलच डिस्क असल्यासारखी जोडायची सोय. स्नॅपमधून घेतलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर आपली एक लूप अडवून बसतं. ती गर्दी बघायची नसते असं डोळ्यांना वळण लागलंय, लग्नाच्या व्हिडिओत जेवणाची पंगत पुढे ढकलतो तसं. मुलीला वळण नव्हतं. ती म्हणाली, "बाकी सगळे साठ-सत्तर एमबी, शंभर एमबी. हाच एक ४.३ जीबी कसा?"

४.३ जीबी म्हणजे काठोकाठ भरलेली एक डीव्हीडी. शेजारी नाव होतं, मुंज.

मे महिन्यात नाशिकचे काका आले होते. आंब्याचे दिवस, दुपारचा आमरस, आणि आई म्हणाली, याच्या मुंजीची कॅसेट बघू या. १९९१ सालची व्हीएचएस कॅसेट. तिची पुढे कधीतरी कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याकडून डीव्हीडी करून घेतलेली आणि डीव्हीडीची मी केलेली आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डीव्हीडीची नक्कल, डब्यात. ती लूपवर माउंट केली. पाऊण तास सगळ्यांनी पाहिली. गोटा केलेला, नाक वाहणारा मी, मातृभोजनात आईच्या हातचा घास खाताना भोकाड पसरलेला. का रडतोय ते आजही कुणाला माहीत नाही. काका गेले, आंबे संपले, पावसाळा गेला. मशीन १६१ दिवस बंद झालं नव्हतं, आणि तितके दिवस माझी मुंज लागलेलीच होती.

लूपवर लावलेली फाइल प्रोसेस धरून ठेवत नाही, खुद्द कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, धरून ठेवतो. म्हणून फ्यूजर आणि एलएसओएफला कुणी दिसत नव्हतं. ते प्रोसेसच्या दारात जाऊन विचारतात. घरमालकाच्या हातात काय आहे ते कोण विचारणार? आणि बाहेर मुंज लागलेली, म्हणून आत ती फाइल उघडी. फाइल उघडी म्हणून फाइल सिस्टिम सुटेना. ती सुटेना म्हणून एकशेसत्तावीस थांबेना. आणि म्हणून पेंटर खाली टपरीवर तिसरा चहा पीत होता.

मी कमांड लिहिली, यूमाउंट, पुढे मुंजीचा पत्ता. एंटर मुलीला दाबायला दिला. काही छापून आलं नाही. लूपची ती ओळ गेली. मग एमडीएडीएमला म्हटलं, थांबव. ते म्हणालं, थांबवलं. बस्स, एवढंच, दोन तासांचा उल्लेखसुद्धा नाही. डब्याचं बटण दाबलं. डब्यातली चार चाकं एकामागून एक मंदावत गेली, आणि कित्येक वर्षं ज्याच्याकडे लक्षच गेलं नव्हतं तो आवाज थांबल्यावर हॉल एकदम मोठा वाटायला लागला.

"काय झालं?" आई.

"सुटली मुंज," मुलगी म्हणाली.

आईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे सोडमुंज झाली म्हण की. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी गुरुजींनी पाच मिनिटांत उरकली होती. मी तेव्हाच म्हटलं होतं, काहीतरी राहिलंय."

मी डबा उचलून दिवाणाखाली ठेवला आणि गॅलरीत जाऊन पेंटरला हाक मारली. खालून तो म्हणाला, "साहेब, आता जेवायची सुट्टी. दोन मिनिटांत येतो."

तो पावणेतीनला आला. तोवर आई टीव्हीसमोर बसून होती. बुवांचा हात अजून वरच होता.