बॅटरीचा रंधा आणि बोट घालायला सांगणारा तो मेसेज

गणपतीची चवथ जवळ आली की घराघरांत दारं-खिडक्यांची डागडुजी निघते. नेमका याच दिवसांत गोव्यात डिचोली-साखळीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: मेस्ताला (सुताराला) बोलावू नका, बॅटरीवरचा रंधा आणा आणि फुगलेलं दार स्वतःच तासा. खाली सहा ‘टिप्स’ आहेत. बहिणीच्या मुलाने तो मला पाठवला आणि वर लिहिलं, “मामा, रंधा आणलाय. रविवारी दार तासतो.” त्याला फोन करून थांबवलं. पण तोच मेसेज इतर किती घरांत पोचलाय कोण जाणे, म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा: वायर नाही, शॉक नाही, म्हणून धोका नाही. यातलं पहिलं अर्धं मान्य करावं लागतं. वायर पायात येणं, रंध्याच्या पात्याखाली सापडून कापली जाणं, हे खरेच धोके आहेत आणि ते टळतात. पावसात वीज गेली तरी काम अडत नाही. पण लाकूड कापणाऱ्या पात्याला वीज भिंतीतून आली की बॅटरीतून, याने काय फरक पडतो? मकिता कंपनीच्या 18 व्होल्टच्या एका रंध्याचा ड्रम मिनिटाला 14,000 फेरे घेतो आणि त्यावर दोन पाती असतात. म्हणजे सेकंदाला साडेचारशेहून जास्त काप. ‘18 व्होल्टच तर आहे, घरातली मुलंही चालवतील’ असं लिहिणाऱ्याने हा ड्रम उलटा करून एकदा तरी पाहिलाय का?

दुसरा मुद्दा वाचून मात्र अंगावर काटा आला. ‘भुशाचं तोंड तुंबलं तर बटण सोडा आणि बोटाने साफ करा, पातं लगेच थांबतं.’ पातं लगेच थांबत नाही. बटण सोडल्यावरही ड्रम स्वतःच्या वेगाने फिरत राहतो. काही मॉडेलांना ब्रेक असतो, सगळ्यांना नसतो, आणि ब्रेक असला तरी बॅटरी आत आहे तोवर बटणावर चुकून हात पडू शकतो. भुसा बाहेर पडतो ते तोंड थेट पात्यांपर्यंत जातं. बोट आत गेलं की समोर पातीच असतात.

हे माझं मत म्हणून सोडून द्यायचं असेल तर रंध्यासोबत खोक्यात येणारी पुस्तिका उघडा. मकिताच्या पुस्तिकेत सुरक्षेच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय: भुशाच्या तोंडात कधीही बोट घालू नका, ओलं लाकूड तासताना ते तुंबू शकतं, काडीने साफ करा. ओलं लाकूड! आपल्याकडे मिरगापासून चवथीपर्यंत दुसरं असतं तरी काय? म्हणजे ज्या दिवसांत तोंड हमखास तुंबणार, त्याच दिवसांत हा मेसेज लोकांना बोट घालायला सांगतोय. तुंबलं तर बटण सोडा, ड्रम पूर्ण थांबू द्या, बॅटरी काढून बाजूला ठेवा आणि मग काडी घाला. हा दुसरा मुद्दा तर पुढे मुळीच पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांनाही कळवा.

तिसरा मुद्दा याचाच भाऊ: ‘मागच्या बाजूचा छोटा प्लास्टिकचा पाय काढून टाका, मध्ये येतो.’ रंधा खाली ठेवल्यावर पाती टेबलापासून वर राहावीत म्हणूनच तो पाय दिलेला असतो. तो काढून फिरतं पातं जमिनीला टेकलं की रंधा हातातून उधळतो. पाय असला तरी ड्रम थांबेपर्यंत रंधा खाली ठेवायचा नाही, हेही त्याच पुस्तिकेत आहे.

चौथा मुद्दा दाराचा. ‘आता अडकतंय तेवढं तासा, पुन्हा अडकणार नाही.’ बरोबर, अडकणार नाही, आणि मार्चमध्ये फटीतून बाहेरचं अंगण दिसेल. लाकूड दमट हवेत फुगतं ते आडव्या अंगाने, रेषेच्या दिशेने जवळजवळ नाहीच. फळ्या जोडून केलेल्या रुंद दारात हा फरक काही मिलिमीटरांचा होतो, मग ते सागाचं असो वा फणसाचं. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून बघा. पुष्कळदा दार फुगलेलं नसतं, लोंबलेलं असतं. मग कडेला खडू लावून दार बंद करा आणि नेमकं कुठे घासतंय ते शोधा. तिथेच अर्ध्या मिलिमीटरचा हात फिरवा, तोही दार जेमतेम लागेल इतकाच. बाकीचं काम दिवाळीनंतर. दार वाळलं की वरची आणि खालची कड रंगवा किंवा पॉलिश करा. बहुतेक घरांत या दोन कडा कोऱ्याच असतात आणि ओल तिथूनच शिरते. दाराची खालची कड तासायची झाली तर दोन्ही टोकांकडून मध्याकडे या, नाहीतर शेवटच्या टोकाला उभ्या पट्टीचा कोपरा फुटून निघतो.

‘कापाची खोली पूर्ण वाढवा, एका फटक्यात काम’ आणि ‘एका चार्जमध्ये दिवसभर’ हे दोन मुद्दे एकमेकांनाच खातात. 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 90 वॅट-अवर. रंधा जोरात ओढायला लागून 500 वॅट खाल्ले तर अकरा मिनिटांत बॅटरी संपली. पूर्ण खोलीवर लाकूड ओरबाडलं जातं ते वेगळंच.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नाहीच, आणि ती असायला हवी होती. घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90) ठरवणारा नियम आपल्याकडे 2016 चा, आणि तो लागू झाला नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधी रंगवलेलं दार घरात तासलं तर त्या रंगाची, कदाचित विषारी शिशाची, धूळ पोरांच्या अंगावर, ताटात, सगळीकडे जाते. असं दार बाहेर काढून, चांगला मास्क लावून, पोरांना लांब ठेवून तासावं, आणि त्याआधी जुने खिळे शोधून उपटावेत.