'कमिट मेसेज कोणी वाचत नाही' म्हणे!

'कमिट मेसेज कोणी वाचत नाही. कोड हेच डॉक्युमेंटेशन, चर्चा तिकिटात असते. ब्रँच स्क्वॉश करा आणि पुढे चला.' हे मत डेव्हलपर मंडळींत सतत फिरत असतं. (गिट हे कोडचा इतिहास सांभाळणारं साधन; त्यात नोंदवलेला प्रत्येक बदल म्हणजे कमिट, त्याबरोबरची टीप म्हणजे कमिट मेसेज. तिकीट म्हणजे वेगळ्या यंत्रणेतली कामाची नोंद, ब्रँच म्हणजे कामाची वेगळी शाखा आणि स्क्वॉश म्हणजे तिच्यातले अनेक कमिट एकात गुंडाळणं.) त्यातला एकेक दावा घेऊ.

'कोड स्वतःच बोलतो.' बोलतो, पण आत्ता काय चाललंय तेवढंच. टाइमआउट 30 सेकंदांवरून 45 वर का नेला, हे 45 हा आकडा सांगत नाही. मग कॉमेंट लिहा, असं उत्तर येतं आणि बऱ्याचदा ते रास्तही असतं. पण काढून टाकलेल्या कोडचं काय? नसलेल्या ओळीवर कॉमेंट लिहिणार कुठे? समजा, दोन सर्व्हर वेगवेगळी उत्तरं देत होते म्हणून कोणी कॅशिंग (उत्तरं तात्पुरती साठवून ठेवणं) काढलं. वर्षभराने नवा माणूस येतो, 'इथे कॅश कशी नाही?' म्हणतो आणि तेच पुन्हा घालतो. गिट लॉगला मोठ्या 'एस'चा पर्याय देऊन त्या फंक्शनचं नाव शोधलं, तर ते ज्या कमिटमध्ये गेलं तो सापडतो. तिथे नुसतं 'क्लीनअप' लिहिलेलं असेल, तर बसा डोकं खाजवत.

'सगळं तिकिटात आहे.' आज आहे. तिकिटांची यंत्रणा बदलली की जुने क्रमांक कुठेच पोचवत नाहीत. कोड आणि तिकिटं ठेवणारी गुगल कोडसारखी मोठी सेवासुद्धा 2016 मध्ये बंद झाली. गिटचा इतिहास मात्र प्रत्येक पूर्ण क्लोनबरोबर (प्रतीबरोबर) जातो. तिकिटाचा क्रमांक जरूर द्या, पण कारण दोन ओळींत तिथेच लिहा.

'स्क्वॉश केलं की इतिहास स्वच्छ.' अर्धं खरं. 'टायपो', 'आता तरी चाल बाबा' असले कमिट खुशाल एकत्र गुंडाळा. पण रिफॅक्टरिंग (काम तेच ठेवून कोडची मांडणी सुधारणं), डेटाबेसमधला बदल आणि बगची दुरुस्ती एकाच गठ्ठ्यात बांधली की बायसेक्ट, म्हणजे इतिहास निम्मा-निम्मा करत बिघाड शोधणारं गिटचं साधन, लंगडतं. हजार कमिटांतून बिघाड आणणारा कमिट ते साधारण दहा चाचण्यांत गाठतं. तोच दोन हजार ओळींचा निघाला तर खरी शोधाशोध त्यानंतर.

'मेसेज एआय लिहील.' डिफ (कोणत्या ओळी बदलल्या त्याची यादी) वाचून लिहील, म्हणजे डिफमध्ये आहे तेच. कोणता पर्याय करून पाहिला आणि का सोडला, हे डिफमध्ये नसतंच.

'फॉर्मॅटर चालवला की ब्लेम बिघडतोच.' ब्लेम म्हणजे कोणती ओळ शेवटची कोणत्या कमिटने बदलली ते दाखवणारी सोय; कोडची मांडणी आपोआप नीट करणारा फॉर्मॅटर चालवला की सगळीकडे त्याचाच कमिट दिसतो. पण ही तक्रार जुनी झाली. 2019 च्या गिट 2.23 पासून ठरावीक कमिट वगळून ब्लेम पाहता येतो.

शेवटचा, हमखास निघणारा मुद्दा: 'खुद्द लिनस टोरवाल्ड्सनेच (लिनक्स आणि गिट दोन्हींचा जनक) लिनक्सचा जुना इतिहास सोडून दिला.' 2005 मध्ये कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) गिट रेपो, म्हणजे कोडसाठा, 2.6.12-आरसी2 या आवृत्तीपासून सुरू झाला, हे खरं. का, ते त्यातल्या पहिल्याच कमिटच्या मेसेजमध्ये आहे: पूर्ण इतिहास आणला तर सुमारे 3.2 जीबी होतो, गिटच्या सुरुवातीच्या दिवसांत त्याने उगाच गुंतागुंत वाढेल, हवा तर नंतर वेगळा ठेवता येईल.