स्टॅनली फ्रीमन अंधारात नव्हता

रेचल कार्सनबद्दलचा एक लांबलचक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्याचा मतितार्थ असा: 'सायलेंट स्प्रिंग' लिहून डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध रान उठवणारी ही बाई शास्त्रज्ञ नव्हतीच. डोरोथी फ्रीमन या विवाहित बाईशी तिचं चोरटं प्रकरण होतं, त्यात डोरोथीच्या नवऱ्याची फसवणूक झाली आणि त्याचा संसार मोडला. पाप उघडं पडू नये म्हणून दोघींनी पत्रं नष्ट केली. पुस्तक लिहिलं तेही कॅन्सर झाल्याच्या रागातून.

माझी भाची कॉलेजात कार्सनवर बोलणार होती. हा मजकूर घरच्या ग्रुपवर आला आणि तिच्या आजोबांनी फर्मान काढलं, "असल्या बाईवर कशाला बोलतेस? दुसरा विषय घे." तेव्हा उत्तर देणं भागच आहे.

आधी नवऱ्याचं, कारण सगळ्यात घाणेरडं खोटं तेच आहे. रेचल मेन राज्यातल्या साउथपोर्ट बेटावर उन्हाळ्यापुरतं घर बांधतेय असं कळल्यावर डोरोथीनं 1952 च्या डिसेंबरात तिला स्वागताचं पत्र लिहिलं. डोरोथी लहानपणापासून उन्हाळे त्याच बेटावर काढत आलेली. 1953 च्या उन्हाळ्यात भेट झाली, ती डोरोथीचा नवरा स्टॅनली याच्यासकट. ओहोटीला खडकांमधल्या डबक्यांत वाकून तारामासे आणि शेवाळं बघायला तिघंही जायची. 1955 साली रेचलचं किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीचं पुस्तक आलं, तेव्हा ओहोटीच्या जगात आपल्याबरोबर उतरलेल्या डोरोथी आणि स्टॅनली फ्रीमन या दोघांना तिनं ते अर्पण केलं. चोरट्या प्रकरणात नवऱ्याचं नाव कुणी अर्पणपत्रिकेत छापतं का?

1956 च्या ऑगस्टमधलं एक पत्र तर वाचायलाच हवं. मध्यरात्रीच्या सुमाराला रेचल भाचीबरोबर किनाऱ्यावर उतरली होती. लाटांमध्ये सूक्ष्मजीवांच्या ठिणग्या चमकत होत्या. आपल्याकडे कोकणात काही रात्री लाटा पेटल्यासारख्या दिसतात ना, तसंच. एक काजवा त्या ठिणग्यांना आपलेच जातभाई समजून त्यांना साद घालत खाली आला आणि पाण्यात सापडला. रेचलनं पाण्यात शिरून त्याला बाहेर काढलं आणि पंख वाळावेत म्हणून त्या भाचीच्या छोट्या मुलाच्या, रॉजरच्या, बादलीत ठेवलं. तिच्या सगळ्या पत्रांत मला हे सर्वांत देखणं वाटतं, आणि ते डोरोथी आणि स्टॅनली दोघांच्या नावानं लिहिलेलं आहे.

डोरोथी नवऱ्याला रेचलच्या पत्रांतले भाग वाचूनही दाखवायची. स्टॅनली 1964 च्या जानेवारीत गेला, तोवर दोघांचा संसार शाबूत होता.

आता पत्रं नष्ट केल्याचं. हो, केली, शेकडो केली. एकाच पाकिटात घरात वाचायचं एक पत्र आणि फक्त डोरोथीसाठी वेगळं दुसरं, असंही चालायचं. आपल्या भाषेचा लोक भलता अर्थ काढतील याची दोघींना कल्पना होती. पण त्यांनी शेकडो पत्रं राखूनही ठेवली, आणि 1995 साली डोरोथीच्या नातीनं, मार्था फ्रीमननं, ती स्वतः संपादित करून छापली. आजीचं पाप लपवायचं असतं तर नातीनं हे केलं असतं का? फॉरवर्ड करणाऱ्यांनी तो संग्रह उघडावा. त्यात प्रेम आहे, उघड आणि उत्कट. 'नुसत्या मैत्रिणी होत्या हो' असं म्हणून तिची बाजू सावरणारे लोकही ते नाकारतात, तेही मला पटत नाही. दोघी वर्षातला बहुतेक काळ वेगवेगळ्या राज्यांत, एक मेरीलँडमध्ये तर दुसरी मॅसॅच्युसेट्समध्ये. त्यामुळे ते प्रेम जवळजवळ सगळं कागदावरच राहिलं. त्यापलीकडे हातात हात आणि निरोपाचं एखादं चुंबन. 1963 च्या सप्टेंबरात, मरण समोर दिसत असताना, रेचलनं डोरोथीला लिहिलं ते त्या सकाळी दोघींनी पाहिलेल्या, स्थलांतराला निघालेल्या मोनार्क फुलपाखरांबद्दल: ती परतणार नव्हती, तरी बघताना दुःख वाटलं नाही, कारण आयुष्याचा फेरा पूर्ण झाल्यावर येणारा शेवट आपण नैसर्गिक मानतो. यात पाप कुठे आहे ते मला दाखवा.

शास्त्रज्ञ नव्हती? जॉन्स हॉपकिन्समधून 1932 साली प्राणिशास्त्रात एम.ए., नंतर 1952 पर्यंत अमेरिकी सरकारच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्यात नोकरी. पुढे बोलायची गरज नाही.

कॅन्सरच्या रागाची गोष्ट तारखांपुढेच टिकत नाही. 'सायलेंट स्प्रिंग'चं काम 1958 मध्ये सुरू झालं, कॅन्सरचं निदान 1960 चं. पुस्तक कशापायी लिहिलं तेही डोरोथीलाच लिहिलेल्या 1962 च्या जानेवारीतल्या पत्रात आहे. हातून होईल ते सगळं केलं नसतं, तर थ्रश पक्ष्याचं गाणं पुन्हा आनंदानं ऐकता आलं नसतं, असं ती म्हणते. पत्राच्या आदल्या रात्री बेथोव्हेन ऐकताना तिला रडू फुटलं होतं.

भाचीला मी हीच पत्रं वाचायला दिली आहेत. विषय तिनं बदलू नये, आणि आजोबांनी तिचं भाषण ऐकायला जावं.