पट्टी गावाची, पेटी माझ्या गळ्यात

आमच्या भागात 'पट्टी' या शब्दाला तीन अर्थ आहेत. सप्त्याआधी घरोघर फिरून गोळा करतात ती एक पट्टी. पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, काळ्या-पांढऱ्या बसवलेल्या असतात त्या दुसऱ्या. आणि बुवा ज्या सुरात गाणार ती तिसरी, काळी चार वगैरे. पहिली जमली तर दुसरी विकत आणता येते. तिसरीवर कुठल्या मंडळाचं एकमत झालेलं माझ्या तरी ऐकिवात नाही.

सोयाबीनला जरा बरा भाव आला की भजनी मंडळाला नव्या पेटीची हौस येते. मग "मामा, तुम्हाला यातलं कळतंय, चला" म्हणून माझ्या दारात गाडी उभी राहते. गाडीत आधीच पाचजण बसलेले असतात. त्यांतला एक पॉलिश बघणारा, एक पितळी कड्या मोजणारा, एक पेटी उचलून वजनावरून दर्जा ओळखणारा, एक भाव पाडणारा. पाचवा दुकानात शिरताच विचारतो, "जर्मन सूर हायेत का?" दुकानदाराला हे प्रश्नाआधीच माहीत असतं. तो म्हणतो, "अस्सल जर्मन." आमच्याकडे जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, हे दोघांच्याही लक्षात राहत नाही.

सूर म्हणजे पितळेच्या छोट्या तुकड्यावर रिव्हेटने एका टोकाला पक्की केलेली पितळेची जीभ. खालच्या फटीतून हवा गेली की ती थरथरते आणि स्वर निघतो. गुजरातेतलं पालिताणा हे असले सूर बनवण्याचं जुनं ठिकाण. तिथले चांगले सूर लावलेली पेटी कुणाही जर्मनाला ऐकवावी अशी असते. तेव्हा सुराचं गाव विचारण्यापेक्षा सूर वाजवून बघावा. एका पट्टीमागे खर्ज (जाड) आणि नर (मधला) असे दोन सूर असतील तर ती दोन ओळींची पेटी, मादीचाही (बारीक) असेल तर तीन ओळींची. ४२ पट्ट्यांच्या दोन ओळी म्हणजे ८४ सूर, तीन ओळी म्हणजे १२६. भजनाला दोन ओळी पुरतात. पण मंडळात कुणीतरी "तीन वळीची घ्या, शेजारच्या गावाची दोनचीच हाय" म्हणतोच. मग १२६ जिभा घरात येतात आणि त्यांतली एखादी कायम रुसलेली असते.

दुकानात पेटीवर हात ठेवण्याआधी मी सगळ्या खुंट्या, म्हणजे सुरांकडे हवा सोडणाऱ्या ओढायच्या दांड्या, आत दाबून बंद करतो आणि भाता मारतो. बाकीचे पाचही "वाजवा की वो" म्हणत असतात, पण खरी परीक्षा न वाजवताच होते. चांगल्या पेटीचा भाता दोन-चार हातांत घट्ट होतो, पुढे ढकलू म्हटलं तरी हलत नाही. तो मऊच राहिला आणि कुठून तरी फुस्स ऐकू आलं, तर पेटीला जन्मतःच दमा आहे असं समजावं. मग एक खुंटी ओढायची, पट्टी दाबायची नाही, आणि पुन्हा भाता मारायचा. आतून कुणी गुणगुणलं तर एखादी पट्टी नीट बसत नाहीये. तिसऱ्यांदा भाता भरून घेऊन मधली एकच पट्टी दाबून धरायची आणि मनात आकडे मोजायचे. हेच शेजारच्या पेटीवर करायचं. जिचा स्वर जास्त वेळ टिकला ती जास्त हवाबंद. या मोजणीच्या वेळी भाव पाडणाऱ्याला चहाला पाठवावं, नाहीतर त्याचे आणि आपले आकडे एकमेकांत मिसळतात.

यानंतर अगदी हलक्या हवेवर डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी, काळ्यासुद्धा, सावकाश. खर्जातले सूर थोडे आळशी असायचेच. पण एखादा ढोसल्याशिवाय बोलतच नसेल तर त्याची जीभ खालच्या पितळेपासून जास्त वर उचललेली आहे. आणि हलक्या हवेवर बोलून जोरात भाता मारला की गप्प बसणारा असेल, तर त्याची जीभ फार खाली बसलीय. दोन्ही दुखणी कारागिराच्या हातात बरी होतात, फक्त ती पैसे देण्याआधी सांगायची असतात. शेवटी एकाच स्वराची दोन सप्तकं एकदम दाबायची. जुळली असतील तर एकच स्वर सरळ रेषेत जातो. नसतील तर आवाज झोक्यासारखा हेलकावतो. वरच्याची कंपनं खालच्याच्या बरोबर दुप्पट हवीत, त्यात जितका फरक तितके सेकंदाला हेलकावे. खालचा ४४० वर आणि वरचा ८८० ऐवजी ८८२ वर असेल तर सेकंदाला दोन झोके. पोरांच्या मोबाईलवर ट्यूनर असतोच, तो लावून पेटी ४४० ला जुळवलीय का तेही बघून घ्यावं. पॉलिश बघणाऱ्याला हे काम द्यावं. त्यालाही आपण काहीतरी तपासल्यासारखं वाटतं.

यानंतर भांडण लागतं ते स्केल चेंजरवर. खटका उचलून पट्ट्यांची फळी डावी-उजवीकडे सरकवायची. खाली सूर जागेवरच असतात, त्यामुळे बोटं तीच आणि स्वर वेगळे. ज्याला एकाच पट्टीत वाजवता येतं त्याला हे वरदानच. पण साधी पेटी आठ-दहा किलोची, ही पंधराच्या आसपास जाते. फळी अर्धवट सरकली तर एक पट्टी दोन सुरांवर पाय ठेवून उभी राहते. कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप दाबणारी सोय) चालू असताना किंवा पट्टी दाबलेली असताना कुणी खटका ओढला तर आतल्या तारा वाकतात. ज्या पेटीला गावातला प्रत्येकजण 'बघू बघू' म्हणून हात लावणार तिला हलणारे भाग जितके कमी तितकं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी दर वेळी मांडतो आणि दर वेळी स्केल चेंजरच घेतली जाते.

आता पेटी मुळात आपली नव्हेच, हेही खरं. पॅरिसच्या देबँने १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं तेव्हा ती पायाने हवा मारून, खुर्चीवर बसून वाजवायची होती. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला हाताचा भाता दिला आणि पॅरिसची ही बाई आपल्यात मांडी घालून बसली. तिचा गंधार स्वयंभू, म्हणजे तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या, गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांतल्या अंतराचा साधारण सातवा हिस्सा. शिवाय तिला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घेता येत नाही. असल्या तक्रारींवरून १९४० पासून १९७१ पर्यंत तिला ऑल इंडिया रेडिओवर बंदी होती. पैठणच्या षष्ठीला पन्नास टाळ एकदम वाजत असताना ते १४ सेंट कुणी शोधून दाखवावेत.

पेटी घेणं एका दिवसाचं काम. पुढचं सांभाळणं हा खरा ताप, कारण पेटीला बाधतं ते लोकांचं प्रेम. पहिल्याच दिवशी तिची पूजा होते. हळद-कुंकू पट्ट्यांवर, फूल जाळीत, उदबत्ती पेटीच्याच फटीत खोचलेली. भजन सुरू झालं की बुक्का लावणारे येतात. बुक्का माणसाच्या कपाळावर शोभतो, पेटीत मात्र तो पट्टीखालच्या चामड्यावर जाऊन बसतो. तेवढ्या कणानेही झडप पूर्ण मिटत नाही आणि सूर बोलत राहतो. शेवटच्या दिवशी काला. दही-लाह्या हवेत उडतात आणि हवेत उडालेल्या सगळ्याच गोष्टी पेटीला उघड्या सापडतात. काल्याच्या कीर्तनात दहीहंडीच्या आधी पेटीवर जाड कापड टाका, ही एवढी एक गोष्ट ऐकली तर पेटीचं आयुष्य वाढेल. पण त्या वेळी पेटीवाला स्वतःच हंडीखाली तोंड उघडून उभा असतो.

सूर चिकटला, म्हणजे बोट उचललं तरी ओरडत राहिला, की पहिलं काम कपलर बंद करायचं. ओरडणं थांबलं तर दोष कपलरच्या तारेत. नाही थांबलं तर वरचं झाकण आणि जाळी काढून ती पट्टी बोटाने हलकेच उचलून बघायची. खाली कचरा असेल तर कोरड्या, मऊ, इंचभर रुंदीच्या रंगाच्या ब्रशने झाडायचा. तोंडाने फुंकायचं नाही. फुंकरीत थुंकी असते आणि पितळेला ओल चालत नाही. कचरा नसेल तर पट्टीमागची स्प्रिंग खाचेतून निसटलीय का बघायचं, तीही जागेवर असेल तर पट्टी शेजारणीला घासतेय. हे दुखणं पावसाळ्यातलं. लाकूड ओल धरून फुगतं. अशा वेळी कुणीतरी खोबरेल तेलाची बाटली घेऊन येतो. त्याला वाटेतच अडवावं. तेल चामड्यात मुरतं, त्यावर धूळ बसते आणि पुढच्या वर्षी सगळ्याच पट्ट्या चिकटतात. पेटी दोन दिवस कोरड्या खोलीत, सावलीत ठेवली तर निम्म्या वेळी पट्टी आपोआप मोकळी होते. सावलीत म्हटलं की लोक उन्हात ठेवतात, म्हणून हा शब्द मी दोनदा उच्चारतो.

ऊन हा तर वेगळाच प्रकार. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर, देवळावर पत्रे, आणि पत्र्याखाली पेटी. सागवान असलं तरी ते आकसतंच. सूर बसवलेल्या फळीचे स्क्रू सैल होतात, जोडातून हवा जायला लागते. स्क्रू आवळायचे ते एकदम नाही. या टोकाचा थोडा, त्या टोकाचा थोडा, चाकाचे नट आवळतो तसे. माळवदाच्या घरात पेटी थंड राहते हे खरं, पण वरून माती गळते आणि मातीबरोबर उंदीर. भात्याचा कागद-कापड खळीने चिकटवलेलं असेल तर उंदराच्या दृष्टीने ती कडक भाकरीच. म्हणून माझं म्हणणं, पेटी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा. "पेटीला पेटी कामून?" असं विचारणारे विचारू देत.

"मामा, पेटी फुसफुस करायली."

"कव्हापासून?"

"टेम्पोतून आल्यापासून. वर ढोल ठिवला व्हता थोडा वेळ."

भात्याची गळती शोधायला उदबत्तीच कामाला येते, पूजेपेक्षा जास्त. भाता दाबत राहायचं आणि पेटलेली उदबत्ती घड्यांच्या बाहेरून, चार बोटं लांब ठेवून फिरवायची. धूर जिथे एकदम बाजूला पळेल तिथे भोक. बहुतेक वेळा ते कोपऱ्यातच असतं, कारण घडी तिथेच सगळ्यात जास्त मोडते. पातळ मऊ चामड्याचा किंवा दाट विणीच्या सुती कापडाचा तुकडा, पांढरा गोंद, भाता उघडा ठेवून रात्रभर वाळवणं, एवढं पुरतं. सेलोटेप लावू नये. ती तिसऱ्या अभंगाला सुटते आणि जाताना मूळ कागदही घेऊन जाते. आणि भाता टाळाच्या ठेक्यावर मारू नये. तो डाव्या हाताने, लागेल तेवढाच, सलग. आमच्याकडे काही जण लोहाराच्या भट्टीला बसल्यासारखे मारतात आणि वर म्हणतात पेटीला आवाज नाही.

एखादा सूर मुका झाला तर बहुधा जिभेखाली कण अडकलेला असतो. सूरफळी उचलून, पातळ कागदाची पट्टी जीभ आणि पितळ यांच्यामधून अलगद सरकवली की तो निघतो. बोट लावू नये, घामाने पितळ काळं पडतं. पण सूर आधी हळूहळू उतरत गेला आणि मग मुका झाला असेल, तर जीभ बुडाशी तडकलीय. तिथे कागद, नवस, काही चालत नाही, तेवढ्याच मापाचा नवा सूर बसवावा लागतो.

आणि सगळ्यात भीती वाटते ती गावातल्या हुशार माणसाची. त्याच्या खिशात दाढीचं ब्लेड असतं. जिभेचं टोक खरवडलं की स्वर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो, हे त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं आणि ते खरंही असतं. पण तो एक सूर टोकाला खरवडून चढवतो, जरा जास्त होतो, मग बुडाशी खरवडून उतरवतो, तोही जास्त होतो, मग पुन्हा टोक. संध्याकाळपर्यंत जीभ कागदासारखी होते. शिवाय सूर बाहेर एक बोलतो आणि पेटीत बसवल्यावर थोडा वेगळा. कारागीर घडीघडी बसवून ऐकतो, हा सगळे सूर एकदाच बसवतो. पेटी वापरात असेल तर वर्ष-दोन वर्षांतून एकदा कारागिराकडे न्यावी, नवी असेल तर पहिल्या काही महिन्यांनीच. आणि त्या दिवशी हुशार माणसाला लग्नाला पाठवावं.

तरी एकादशीच्या आदल्या रात्री, साडेनऊला, फोन वाजतोच.

"मामा, पेटी बोलंना. महाराज येऊन बसलेत."

"भाता मऊ लागायलाय का घट्ट?"

"घट्ट हाय. दगडावानी."

"खुंट्या ओढल्या का?"

तिकडे जरा वेळ कुणीच बोलत नाही. मग लांबून, थोडी चढी, काळी चार ऐकू येते आणि फोन कट होतो.