भाऊजींचं एक्सेल बघून डोकं फिरलंय

आज डोंबिवलीला ताईकडे गेले होते. अजून चपला काढते आहे तोवर भाऊजींनी लॅपटॉप पुढ्यात ठेवला. भाचा बारावी झालाय, बीएस्सी करायचंय. मुंबईतली बावीस कॉलेजं आणि पुढे रकाने: केमिस्ट्री डिपार्टमेंट कितवं, कटऑफ किती, कॉलेजांची तपासणी करणाऱ्या नॅकची ग्रेड काय, पॅकेज किती. हिरवं, पिवळं, लाल. ज्याच्यासाठी हा पसारा तो पोरगा खिडकीत बसून पेरू खात होता.

मी एवढंच विचारलं, "भाऊजी, हे डिपार्टमेंटचे नंबर कुठून आणले?" तर कुणा काउन्सेलरने दिले म्हणे. पैसे घेऊन! अहो, सरकारची एनआयआरएफ नावाची क्रमवारी २०१६ पासून येतेय, तीसुद्धा कॉलेजांच्या यादीत आख्ख्या कॉलेजला नंबर देते, त्यातल्या केमिस्ट्रीला वेगळा नाही. आणि तिच्यातही 'पर्सेप्शन' नावाचा एक कप्पा आहे, म्हणजे लोकांना काय वाटतं ते. बाकी जी कॉलेजं स्वायत्त नाहीत, त्यांना सिलॅबस विद्यापीठाचाच. मग नंबर कशाचा लावला, फळ्याचा?

मीही नावावरच भुलले होते. १९९६ साल. कॉलेजचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. केमिस्ट्रीचा दबदबा होता म्हणून घेतलं. तेव्हा एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षी, तीन विषय असायचे, तर केमिस्ट्री, झूलॉजी आणि तिसरा काहीतरी हवा म्हणून बॉटनी. जुलैत एकदा कुर्ला-सायनमध्ये पाणी भरलं, गाडी दीड तास जागची हलली नाही. चिंब भिजून पोचले तर केमिस्ट्रीच्या लॅबचं दार बंद. प्रॅक्टिकल बुडालं, जर्नलवर सही नाही, कारण ऐकायलाही कुणी तयार नाही. जिन्यात रडत बसले होते. बॉटनीचे सर छत्री झटकत वर आले. काही विचारलं नाही. लॅबमध्ये नेलं, ड्रॉवरमधून कागदाची पुडी काढली, महाबळेश्वरच्या ट्रिपला गोळा केलेलं सुकं मॉस. फ्युनेरिया. त्याची बीजाणूंची इवलीशी कुपी मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि म्हणाले, "बघत बघत फुंकर मार." श्वासाची वाफ लागली आणि कुपीच्या तोंडावरचे दात हळूच मिटले. हवा सुकली तसे पुन्हा उघडले. तासभर मी फुंकराच मारत होते.

टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षी, मी बॉटनी घेतली. वर्गात अकरा जण. त्या नामांकित केमिस्ट्रीच्या हेडना दोन वर्षांत माझं नाव कळलं नाही.

हो, पुढे नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत कॉलेजचं नाव उपयोगी पडलं. मान्य. पण नाव कॉलेजचं होतं, डिपार्टमेंटचं कुणी विचारलं नाही.

आता सांगा, ती फुंकर कुठल्या रकान्यात टाकायची? निदान हे तरी विचारा की डिपार्टमेंटमधले कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती. ज्याला तासाचे पैसे मिळतात आणि पुढच्या तासाला दुसऱ्या कॉलेजला पळायचंय, तो जिन्यात रडणाऱ्या पोरीपाशी थांबणार कसा? चूक त्याची नाही, वर्षानुवर्षं जागा न भरणाऱ्यांची आहे. लायब्ररी किती वाजता बंद होते ते विचारा. आणि गाडीचा रकाना कुठाय? यादीत दुसऱ्या नंबरचं कॉलेज चर्चगेटला आहे. साडेसातचं लेक्चर, म्हणजे पोरगं साडेचारला उठणार, तीन वर्षं. चौथं केलं तर चार. त्याच्या अंगात मायक्रोस्कोपमध्ये बघायचं त्राण तरी उरेल का? हे बोलले तर ताई म्हणाली, "तू नेहमीच उलटं बोलतेस." बोलते!

चिडून निघाले खरी, पण गाडीत बसल्यावर आठवलं. भाऊजींनी दिवसा प्रेसमध्ये काम करून नाईट कॉलेजातून बीकॉम केलं. त्यांना कॉलेज निवडायला कुणी दिलंच नव्हतं. घराजवळ नव्हे, प्रेसच्या जवळ, एवढाच त्यांचा रकाना. आता पोरासाठी बावीस ओळी भरताना माणूस रंग देत बसणारच. मी जरा जास्तच बोलले. भाऊजी, वाचत असाल तर सॉरी. नंबरांबद्दल मात्र नाही.

निघताना भाचा जिन्यापर्यंत सोडायला आला होता. हळूच विचारलं त्याने, "मावशी, लेक्चर संपल्यावर लॅबमध्ये थांबू देतात का गं?"

उद्या सुट्टी टाकलीये. सकाळी सातच्या स्लो लोकलने त्याला घेऊन निघतेय, दोन-तीन कॉलेजं आतून बघायला. आयकार्ड नाही म्हणून गेटवर वॉचमन अडवेल, तेव्हा काय सांगायचं ते सुचवा.