खुलासा : मालीतील २०२० ची संसदीय निवडणूक रद्द झाली नव्हती

पश्चिम आफ्रिकेतील माली या देशाच्या घटनात्मक न्यायालयाने २०२० ची संपूर्ण संसदीय निवडणूक रद्द केली आणि म्हणूनच लष्कराने सत्ता घेतली, असा दावा सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. २९ मार्च आणि १९ एप्रिल अशा दोन फेऱ्यांत झालेल्या या निवडणुकीतील १४७ जागांपैकी सुमारे ३१ जागांचे प्राथमिक निकाल न्यायालयाने ३० एप्रिलला फिरवले. त्याचा लाभ राष्ट्राध्यक्ष इब्राहिम बुबाकार केइता यांच्या पक्षाला झाला, आणि लोकांचा संताप नेमका त्यावर होता. बाकीचे निकाल कायम राहिले व नवी संसद स्थापनही झाली.

निकाल बदलल्याचा राग रस्त्यावर उतरला, हे खरेच. पण पहिल्या फेरीच्या तोंडावर विरोधी पक्षनेते सुमाइला सिसे यांचे झालेले अपहरण, उत्तर व मध्य मालीतील हिंसाचार आणि भ्रष्टाचार यांमुळे असंतोष आधीपासूनच धुमसत होता, हे विसरणे अन्यायाचे ठरेल. जुलैमध्ये केइता यांनी ते न्यायालय बरखास्त केले आणि ‘इकोवास’ या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेच्या मध्यस्थांनी वादग्रस्त ३१ खासदारांच्या राजीनाम्याचा तोडगा सुचवला. तो फळला नाही. १८ ऑगस्टला लष्कराने केइता यांना ताब्यात घेतले. संसद केइता यांनीच, पद सोडताना, विसर्जित केली.